नाताळच्या सकाळचे चार ट्रे: प्रकल्प नोंदी

23 नोव्हेंबर 2025, रविवार

ठरलं. यंदा 25 डिसेंबरला आमच्याकडे तव्यावरची ऑम्लेटं होणार नाहीत.

दरवर्षी सकाळची उपासना सुटली की चाळीसेक माणसं थेट घरी येतात. आधी करंज्या, शंकरपाळ्या, चहा, मग ऑम्लेट-पाव. ऑम्लेट गरमच हवं, म्हणून काकू आणि मोठ्या वहिनी दीड-दोन तास गॅससमोर उभ्या असतात. शेवटच्या माणसाच्या ताटात ऑम्लेट पडेपर्यंत पहिले पाहुणे चपला शोधायला लागलेले असतात. सणाच्या दिवशी सगळे ज्यांच्या हातचं खातात त्यांच्याशीच कुणाचं धड बोलणं होत नाही. हे मला बरीच वर्षं खटकतंय.

म्हणून एग कॅसरोल. अमेरिकेत नाताळच्या सकाळी अनेक घरांत हेच असतं. शिळ्या ब्रेडचे तुकडे, त्यात शिजवलेली भाजी किंवा मटण, चीज, वरून अंडी-दुधाचं मिश्रण. 24 च्या रात्री ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचा. सगळी मेहनत आदल्या दिवशी होते. सकाळी तो भाजत असताना त्याच्यापाशी उभं राहावं लागत नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी गरम मिळतं. मला एवढंच हवंय.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कर की. पण चव कोल्हापूरची पाहिजे. फिक्कं अंडं कोण खाणार हितं?" रास्त अट आहे.

30 नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार. दुपारी हिशेब मांडला.

9 बाय 13 इंचांचा, दोन इंच खोल ट्रे धरला तर 12 मोठे तुकडे पडतात. एका ट्रेला 12 अंडी, 700 मिलि दूध, 400 ग्रॅमचं ब्रेडचं एक पाकीट, 200 ग्रॅम चीज आणि शिजवून कोरडी केलेली 400 ग्रॅम भाजी. अंडं कवच काढून साधारण 50 ग्रॅम भरतं, म्हणजे अंडी 600 ग्रॅम आणि दूध त्याहून थोडं जास्त. दूध याच्या फार पुढे गेलं की तुकडा उभा राहत नाही, आणि कमी पडलं की नुसतं जाड ऑम्लेट होतं.

चार ट्रे लागतील. आमचा ओटीजी (विजेवरचा घरगुती ओव्हन) लहान असल्याने त्यात एका वेळी एकच ट्रे मावतो, तोही तिरका करून. एका ट्रेला पन्नास मिनिटं, म्हणजे चार ट्रेंना जवळजवळ साडेतीन तास. दुसरा ओटीजी मागून आणता येईल, पण स्वयंपाकघरात जाड पिनेचं सॉकेट एकच आहे. दोन्ही एका लाइनवर लावले तर एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडणार.

गल्लीच्या तोंडाला लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे. दिवाळीला आमच्या नानकटाईचे पत्रे तिथेच भाजून मिळतात. विचारून बघतो.

6 डिसेंबर, शनिवार

आज फक्त पाण्याचा अभ्यास केला. या पदार्थाचं सगळं बरंवाईट पाण्यावर ठरतं, असं आता माझं ठाम मत झालंय.

एकाच ट्रेचे फॉइलची भिंत घालून दोन भाग केले. डाव्या भागात कच्चा टोमॅटो, कच्ची सिमला मिरची आणि धुतलेला पालक चिरून घातला. उजव्या भागात तेच सगळं, पण कढईत मोठ्या आचेवर परतून, कढईचा तळ कोरडा चरचरेपर्यंत आटवलेलं. टोमॅटोच्या बियांचा गर काढून टाकलेला. मिश्रण एकच, ओव्हन एकच, वेळ एकच.

उजवी बाजू सुरीने कापली आणि उलथन्याने तुकडा अख्खा वर आला. डाव्या बाजूचा तुकडा उचलला तर खाली पाण्याचं तळं. वरचा पापुद्रा छान तांबूस झालेला, मधला ब्रेड मात्र लगदा. मशरूम वेगळे परतून बघितले. एका पाकिटाचं मूठभर उरलं, बाकी सगळं पाणीच होतं. ते कढईत जाळलं नाही तर ट्रेत उतरतं.

पाणी सुटायचं दुसरंही कारण आहे, ते म्हणजे उष्णता. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंशांना घट्ट व्हायला लागतो, बलक पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान. दूध मिसळलं की प्रथिनं विरळ होतात आणि घट्ट होण्याचं तापमान वर सरकतं. त्याच्याही पुढे तापवत राहिलं की प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकते. म्हणजे भाजी नीट कोरडी केली आणि ट्रे वीस मिनिटं जास्त ठेवला, तरी खाली पाणी दिसणारच.

अमेरिकेच्या कृषी खात्याने अंड्याच्या अशा पदार्थांसाठी मध्यभागी 160 फॅरनहाइट, म्हणजे 71 सेल्सियस, ही सुरक्षिततेची मर्यादा दिली आहे. मी काट्याचा डिजिटल थर्मामीटर मधोमध खुपसून 75 ला ट्रे बाहेर काढला. त्या वेळी कडा पक्क्या होत्या आणि मधला भाग ट्रे हलवल्यावर खरवसासारखा हलला. बाहेर ठेवल्यावर पंधरा मिनिटांत आतल्या उष्णतेने तोही बसला. ही पंधरा मिनिटं थांबायलाच हवं. गरमागरम कापला तर चांगला जमलेला ट्रेसुद्धा फुटतो.

7 डिसेंबर, रविवार

ब्रेड आणि दूध.

लादी पाव घेऊन पाहिला. ताज्या पावाचा आतला मऊ भाग रात्रभर भिजून विरघळतो, उरतो तो फक्त वरचा कडा. बेकरीतला टोस्ट गोडसर असतो आणि दूध इतकं ओढतो की वर मिश्रणच राहत नाही. मिसळीबरोबर आपण खातो तो साधा स्लाइस ब्रेडच सगळ्यात बरा निघाला. स्लाइसचे चौकोनी तुकडे परातीत पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवायचे, घाई असेल तर ओटीजीत 100 अंशांना वीस मिनिटं. रंग यायला नको, फक्त वाळायला हवेत. वाळलेला ब्रेड मिश्रण पितो आणि आकार सोडत नाही.

दुधासाठी संध्याकाळी गंगावेशीत गेलो. दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध आणलं, उकळलं, पूर्ण गार केलं. गार करणं महत्त्वाचं, कोमट दुधातही अंडी लवकर बिघडतात आणि गरम दुधात तर गाठीच होतात. निव्वळ म्हशीच्या दुधाचा ट्रे चवीला श्रीमंत लागला, पण अर्ध्या तुकड्यात पोट भरलं. तीन वाट्या दुधाला एक वाटी पाणी या प्रमाणात हलका झाला, आणि कापही स्वच्छ पडला. पाण्यावर इतकं लिहून पुन्हा पाणीच घालतोय, पण हे मोजलेलं पाणी आहे आणि अंडं ते धरून ठेवतं.

चीज: नुसतं प्रोसेस्ड चीज मऊ होतं पण पसरत नाही, नुसतं मोझरेला गार झालं की चिवट होतं. निम्मं-निम्मं.

13 डिसेंबर, शनिवार

काकूंच्या अटीचा दिवस. कांदा-लसूण चटणी.

चटणी सरळ अंडी-दुधात फेटली तर तिखट वर तरंगतं, तळाचा ब्रेड फिका राहतो आणि मसाल्याचा कच्चा वास जात नाही. म्हणून आधी तेलात. दोन मोठे चमचे तेल गरम करून गॅस बारीक केला, बारीक चिरलेला कांदा त्यात गुलाबीच्या पुढे नेला, मग तीन चमचे चटणी. चटणी पडली की तेल फेसाळतं आणि अर्ध्या मिनिटात लाल कट कडेला सुटायला लागतो. त्या क्षणी उकडून चिरलेला बटाटा आणि सिमला मिरची घालून सगळं त्यात घोळवायचं. आणखी अर्धं मिनिट गेलं की लसूण कडवट होतो, तेव्हा बटाटा हाताशी तयार हवा.

हे गार करून ब्रेडच्या थरांमध्ये घातलं. भाजल्यावर लाल तेल ब्रेडच्या कडांना धरून राहिलं आणि प्रत्येक तुकड्यात लाल-पिवळे पट्टे आले. तिखटाचा जाळ दुधाच्या स्निग्धांशात उतरतो, म्हणून नेहमीच्या भाजीपेक्षा एक चमचा चटणी जास्तच लागते. चटणीत मीठ असतं, ते धरून मिश्रणात निम्मंच मीठ घातलं.

काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. वर म्हणाल्या, "ह्यात सुका खिमा का घालत नाहीस?"

घालतो. तिसरा ट्रे खिम्याचा. मटणाचा खिमा पूर्ण शिजवून, रस्सा अजिबात न ठेवता, सुटं तूप-तेल निथळून. दुसरा ट्रे पालक-मशरूमचा, चटणीशिवाय, मिरपूड घालून. तो लहान मुलांचा आणि ज्यांना तिखट वर्ज्य आहे त्यांचा.

14 डिसेंबर, रविवार

कॅलेंडर बघताना लक्षात आलं, 25 तारीख गुरुवारी येतेय. समोरच्या वहिनी आणि वरच्या मजल्यावरचं कुटुंब गुरुवार पाळतात. दरवर्षी ते सगळे येतात. त्यांनी नुसत्या करंज्या खाऊन जावं हे मला चालणार नाही. चौथा ट्रे त्यांचा, बिनअंड्याचा, आणि बाकीच्या तिन्हींच्या तोडीचा.

अंडं दोन कामं करतं, बांधतं आणि पाणी धरतं. बिनअंड्याचं म्हणून दूध आणि कॉर्नफ्लोअर घालून पाहिलं. बांधलं गेलं, पण चवीला पांढऱ्या सॉससारखं, आणि गार झाल्यावर चिकट. मग आईने सुरळीच्या वड्यांची आठवण करून दिली. बेसन ताकात शिजवलं की गार होताना स्वतःच बसतं. उत्तर घरातच होतं.

250 ग्रॅम बेसन, सव्वा लिटर पातळ ताक, हळद, हिंग, मीठ, आलं-मिरची. गुठळी मोडून गाळून घेतलं आणि मंद आचेवर ढवळत राहिलो. सुरळीच्या वड्यांइतकं घट्ट करायचं नाही. डावाच्या पाठीवर थर बसला आणि त्यावरून बोट फिरवल्यावर रेघ राहिली की उतरवायचं. बेसनाचा कच्चेपणा इथेच गेला पाहिजे, ओव्हनच्या भरवशावर ठेवायचा नाही. गरम असतानाच ब्रेड, वाफवलेला मका आणि पनीरच्या तुकड्यांवर ओतलं, चमच्याने खाली दाबलं. गार होईपर्यंत थांबलं तर ते ब्रेडमध्ये शिरतच नाही, हा अंडी-दुधाशी मोठा फरक. वरून चीज, आणि फोडणीत परतलेले तीळ. 180 अंशांना चाळीस मिनिटं.

समोरच्या वहिनींना वाटीभर नेऊन दिलं. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा रिकामी वाटी घेऊन आला, आणि कृती लिहून मागितलीय म्हणाला.

हा ट्रे घरच्या ओटीजीत एकटाच भाजायचा. त्याची भांडी, डाव, सुरी वेगळी. अंड्याचे तिन्ही भट्टीत. म्हणजे कुणालाच विचारावं लागणार नाही की चमचा कुठला कुठे गेला.

20 डिसेंबर, शनिवार

भट्टीची चाचणी. बेकरीवाले मामा म्हणाले, 24 ला रात्री उशिरापर्यंत केकची गर्दी आहे, पण 25 ला सकाळी पावाचा शेवटचा घाणा साडेआठला निघतो. त्यानंतर भट्टी मोकळी.

पाव भाजतो त्या वेळी भट्टी आमच्या कामासाठी फार तापलेली असते. आज पाव निघाल्यावर दार उघडं ठेवून तासभर थांबलो. मामांनी मैद्याची चिमूट आतल्या फरशीवर टाकली. ती लगेच तपकिरी झाली, म्हणजे अजून कडक. पुन्हा थांबलो. पुढची चिमूट हळूहळू बदामी होत गेली. "आता टाका." मी शेजारी ओव्हनचा थर्मामीटर ठेवला होता, तो 185 दाखवत होता. त्यांच्या नजरेला माझ्या यंत्राची गरज नव्हती.

भट्टीची फरशी खालून भाजते, म्हणून ट्रे थेट फरशीवर न ठेवता उपड्या पत्र्यावर ठेवला. पहिली अर्धी वेळ वरून फॉइल. काचेची भांडी अजिबात नाहीत. फ्रिजमधून निघालेली गार काच भट्टीत तडकू शकते. ट्रे अॅल्युमिनियमचेच.

23 डिसेंबर, मंगळवार

खरेदी. कपिलतीर्थ मंडईतून पालक, सिमला मिरची, मका. मशरूम आणि पनीर डेअरीतून. खिमा उद्या सकाळी ताजा.

अंडी 36, म्हणजे तीसचा एक क्रेट आणि वर अर्धा डझन. थंडीत मागणी वाढते, त्यामुळे डिसेंबरात अंड्यांचा भाव चढाच असतो. आज दुकानदाराने एनईसीसीचा (राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा) दर फोनवर काढून दाखवला आणि त्यावर आपलं घेतलं. गावरान घ्यायचा मोह झाला, बलकाचा रंग सुरेख असतो. पण ती लहान-मोठी निघतात आणि माझं सगळं प्रमाण वजनावर बसवलेलं आहे.

फ्रिज रिकामा करण्यात संध्याकाळ गेली. कच्च्या अंड्यांचं मिश्रण रात्रभर राहणार, तर आतलं तापमान 4 अंशांच्या आसपास हवं. बाहेर कितीही थंडी वाजली तरी कोल्हापूरची डिसेंबरची रात्र फ्रिजइतकी गार नसते, ट्रे गॅलरीत ठेवायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. दोन ट्रे आमच्याकडे, दोन आत्याकडे.

24 डिसेंबर, बुधवार

सकाळी खिमा, दुपारी भाज्या, सगळं परातींत पसरून पंख्याखाली गार. गरम भाजी कच्च्या अंड्यावर पडली की फ्रिज तिला गार करेपर्यंत मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं.

संध्याकाळी सहाला भरणी. दादा ब्रेड पसरत होता, पुतणी चीज किसत होती, मी अंडी फोडत होतो. प्रत्येक अंडं आधी वाटीत, मग पातेल्यात. काकू पाट टाकून बसून देखरेख करत होत्या. "कडेला बटाटा कमी पडलाय बघ." पडला होता. दूध-अंडी फेसाळेपर्यंत घुसळायची नाहीत. फेस वर जमतो आणि भाजल्यावर स्पंजासारखी भोकं राहतात. काट्याने एकजीव केली, गाळली, सावकाश ओतली. वरचे तुकडे कोरडे राहतात, म्हणून प्लॅस्टिकची फिल्म चिकटवून तळहाताने हलकेच दाबली. मिश्रण तुकड्यांच्या फटींतून वर आलेलं दिसलं की झालं.

बेसनाचा ट्रे आईने केला, दुसऱ्या ओट्यावर.

साडेनऊला सगळे ट्रे फ्रिजमध्ये. मध्यरात्रीच्या उपासनेला गेलो. सकाळी मी भट्टीपाशी असणार, म्हणून माझी नाताळची उपासना हीच.

25 डिसेंबर, गुरुवार

9:10. तीन ट्रे बेकरीत आणले, गारठा जाण्यासाठी टेबलावर अर्धा तास. घरी ओटीजी तापत घातलाय, तिकडे पुतणी.

9:45. चिमूट बदामी. ट्रे आत.

10:10. आज सणाचे पाव जास्त झाले, भट्टीने उष्णता जास्त धरलीय. खिम्याचा ट्रे आतल्या बाजूला होता. फॉइल उचलून बघितलं तर वरचं चीज रंगलेलं आणि मध्ये थर्मामीटर 48 वर. मामांनी लांब दांड्याच्या फळीने तो दाराजवळ ओढला, पालकाचा आत सरकवला, खिम्याच्या ट्रेखाली आणखी एक पत्रा दिला. दार चार बोटं उघडं.

10:35. पालक-मशरूम 75. बाहेर.

10:40. बटाटा-चटणी 76. बाहेर.

10:50. खिमा 74. खिम्याचा ट्रे जड असतो, त्याला नेहमीच वेळ जास्त लागतो. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत 76. भट्टी अजून गरम आहे म्हणून ट्रे आतच ठेवून द्यायचा मोह टाळला. तिथे राहिला असता तर पाणी सुटलं असतं आणि अंड्यावर हिरवट झाक आली असती. फॉइल, त्यावर जाड टॉवेल, दादाच्या गाडीत.

11:20. घर. बेसनाचा ट्रे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, समोर चिठ्ठी, स्वतःचा चमचा. चर्चमधली मंडळी यायला लागली, "नाताळच्या शुभेच्छा" आणि हस्तांदोलनांचा गलका.

11:30 ला चारही ट्रे कापले. ताटं एकदमच भरली. बटाटा-चटणीचा ट्रे आधी संपला, मग खिमा. मुलांनी पालक खाल्ला, चीजमुळे खाल्ला असेल, पण खाल्ला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेसनाचा दुसरा तुकडा घेतला आणि सोबत मिरचीचा ठेचा मागितला, तो होताच.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत ताट घेऊन बसल्या होत्या. शेजारी मोठ्या वहिनी, पलीकडे मिरजेहून आलेली त्यांची बहीण. तिघी तासभर तिथून उठल्या नाहीत. गॅस फक्त चहासाठी पेटला, आणि चहा दादाने केला.

27 डिसेंबर, शनिवार

उरलं ते पालकाचे पाच-सहा तुकडे आणि बेसनाचे दोन. टेबलावरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले होते. काल ते तव्यावर थोड्या बटरमध्ये दोन्ही बाजूंनी खरपूस केले. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला तुकडा पाणी सोडतो आणि रबरासारखा होतो, तव्यावरचा कुरकुरीत राहतो.

मामांना भाजणावळ द्यायला गेलो तर घेईनात. खिम्याचा तुकडा त्यांच्यासाठी बाजूला ठेवला होता, तो घेतला.

पुढचा ट्रे ईस्टरला, 5 एप्रिल 2026. तेव्हा पहाटेची उपासना असते, मंडळी साडेसातलाच घरी येतील, आणि त्या वेळी भट्टी पावात अडकलेली असेल. म्हणजे ओटीजी एक आणि ट्रे चार, हा प्रश्न पुन्हा उभा. आत्या, मोठ्या वहिनी आणि समोरच्या वहिनी, तिघींच्या घरी एकेक ओटीजी आहे. समोरच्या वहिनींनी त्यांचा आपणहून देऊ केलाय, फक्त त्यात बिनअंड्याचाच ट्रे. ईस्टरला खिम्याचे दोन करायचे, पालकाचा अर्धा. एप्रिलच्या उन्हात भरणी संध्याकाळी सहाला नको, आठनंतर.